इंग्लंडच्या खेड्यात आठवडाभर घर घ्यायचंय? आधी गाव ठरवा, घर नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मेच्या मध्यावर पुण्याहून आई-बाबा येतायत, तीन महिने राहणारेत, तुम्ही दोघं, नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं, राहता लंडनजवळच्या स्लाउला, आणि एक आठवडा त्यांना इंग्लंडचं खेडं दाखवायचंय. हॉटेल घ्यायचं की किचन असलेलं घर, कुठल्या भागात घ्यायचं, आणि आईंना रोज घरचंच जेवण लागतं आणि बाबांचा गुडघा दुखतो, तर हे सगळं झेपेल का. झेपेल. नीट ठरवलंत तर तीन महिन्यांतला हाच आठवडा त्यांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहील असं मी खात्रीनं सांगते, कारण हे मी बऱ्याच घरांच्या बाबतीत बघितलंय.

मी सोळा वर्षं उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधे राहते आणि गेली नऊ वर्षं इथल्या डेल्समधल्या, म्हणजे डोंगर-दऱ्यांच्या भागातल्या, तीन हॉलिडे कॉटेजेसचं काम बघते, म्हणजे बुकिंग, किल्ल्या, शनिवारची साफसफाई, बंद पडलेला बॉयलर, सगळंच. स्वतः पाहुणी म्हणूनही खूप राहिलेय. त्यामुळे लोक बुक करताना कुठे चुकतात ते मला दोन्हीकडून दिसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोक घर बघून बुकिंग करतात. फोटोत लाकडी तुळया, शेकोटी, बाहेर हॉट टब, की झालं, पैसे भरले. मग कळतं की घर गावापासून चार मैल लांब एका शेताच्या टोकाला आहे, दुधाची पिशवी आणायची तरी गाडी काढायला लागते, आणि आजी-आजोबा दिवसभर खिडकीत बसून राहतात. किंवा उलट, घर छान पण प्लॅन असा की सोमवारी यॉर्क, मंगळवारी लेक डिस्ट्रिक्ट, बुधवारी व्हिटबी, रोज चार-चार तास गाडीत. मग खेड्यात राहून मिळवलं काय? त्यापेक्षा शहरातलं हॉटेल बरं. खेड्यात घर घेण्याचा खरा फायदा एकच, सकाळी चहा झाला की दार उघडून चालायला लागायचं, पाऊस आला की परत यायचं, कपडे वाळत घालायचे, खिचडी टाकायची, आणि चारला ऊन पडलं की पुन्हा बाहेर. हॉटेलात हे होत नाही, तिथे दहाला रूम आवरायला माणूस दारात उभा असतो.

म्हणून गाव आधी. गावात चार गोष्टी हव्यात: एक दुकान, एक पब, रोज येणारी बस, आणि दारातून सुरू होणारी सपाट पायवाट. तुम्हाला तर गुडघ्यामुळे ही चौथी सगळ्यात महत्त्वाची. इंग्लंडमधे अशी गावं भरपूर आहेत. पीक डिस्ट्रिक्टमधे हॅदरसेज आणि ईडेल, दोन्हीकडे चक्क रेल्वे स्टेशन आहे. श्रॉपशरमधे चर्च स्ट्रेटन, तिथेही स्टेशन आहे आणि गर्दी खूप कमी. कॉट्सवोल्ड्स स्लाउहून जवळ पडतं, दगड मधाच्या रंगाचा, दिसायला सुंदरच, पण बायबरी किंवा बोर्टनसारख्या गावात मे-जूनच्या दुपारी पर्यटकांच्या बसच्या बस रिकाम्या होतात आणि मुक्कामाला आलेल्या माणसाला स्वतःच्या गल्लीत चालता येत नाही, त्यामुळे तिकडे जायचंच असेल तर चिपिंग कॅम्डेनच्या बाजूला बघा.

पण मला विचाराल तर यॉर्कशायर डेल्स, आणि त्यात ग्रासिंग्टन. हा माझा भाग आहे म्हणून सांगत नाहीये, तुमच्या घरातल्या सहा माणसांचा विचार करून सांगतेय. ग्रासिंग्टनला फरसबंदी चौक आहे, त्याच्या आजूबाजूला दुकानं, बेकरी, कॅफे, पब, सगळं पाच मिनिटांत. स्किप्टनहून बस येते, आणि स्किप्टन लीड्सपासून ट्रेननं पाऊण तासावर. गावातून खाली उतरलं की पंधरा-वीस मिनिटांत लिंटन फॉल्स, व्हार्फ नदी तिथे खडकांच्या पायऱ्यांवरून घसरत जाते आणि वर छोटा पादचारी पूल आहे, मुलं त्या पुलावरून हलत नाहीत. तिथून नदीकाठानं बर्न्सॉलपर्यंत साधारण तीन मैल, जवळजवळ सपाट, वाटेत हेब्डनचा झुलता पूल. बाबांना जेवढं जमेल तेवढं चालू दे, एकानं गाडी घेऊन बर्न्सॉलला जावं, पाच कमानींच्या दगडी पुलाशेजारी हिरवळ आहे, तिथे डबा उघडायचा. पोळीची गुंडाळी, लोणचं आणि थर्मासमधला चहा. दुसरं काही लागत नाही.

एक दिवस मालम गावाला द्या. मालम कोव्ह म्हणजे चुनखडीचा अर्धगोल कडा, सुमारे ८० मीटर उंच, आणि गावातून त्याच्या पायथ्याजवळ जाणारी वाट चांगली बांधलेली आहे, गुडघा दुखणारा माणूस सावकाश जाऊ शकतो. वर जायला चारशेच्या आसपास दगडी पायऱ्या आहेत, त्या बाबांनी चढू नयेत, तुम्ही मुलांना घेऊन जा, माथ्यावर चुनखडीच्या फरशा आहेत, पावसाच्या पाण्यानं कातून मधे खोल भेगा पडलेल्या, आणि त्या भेगांत नेचे वाढलेले. मुलांचा हात धरा, ओलं असेल तर तो दगड साबणासारखा लागतो. दुसऱ्या बाजूला ओढ्याकाठानं जॅनेट्स फॉसला जाणारी वाट, मेच्या शेवटी तिथे रानलसणाची पांढरी फुलं जमिनीवर पसरलेली असतात आणि लसणाचा वास वाट संपेपर्यंत नाकात राहतो. आमच्याकडे आलेल्या एका काकूंनी पान चुरडून वास घेतला आणि म्हणाल्या याची चटणी होईल. होते, घरी करून बघितलीय, छानच होते. पण तो ओढ्याचा भाग नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिथलं तोडू नका.

हे फॉस, बेक, गिल, फेल शब्द सारखे दिसतील. ते व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेत. फॉस म्हणजे धबधबा, बेक म्हणजे ओढा, गिल म्हणजे घळ, फेल म्हणजे डोंगर, आणि डेल म्हणजे दरी. आपल्याकडे वाडी, खुर्द, बुद्रुक वरून गावाचा इतिहास कळतो तसंच हे, गाडीत बसल्या बसल्या मुलांना पाट्या वाचायला लावा.

आणि एक दिवस पूर्ण पाऊस असणार हे गृहीत धरा. त्या दिवशी सेटल गावाला जाऊन कार्लाइलची ट्रेन पकडा. ही लाइन १८७६ मधे प्रवाशांसाठी सुरू झाली, १९८० च्या दशकात बंदच करणार होते, लोकांनी लढून १९८९ मधे वाचवली. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल त्याच लाइनवर आहे. बाबांना पायाला ताण न देता अख्खा डोंगराळ भाग खिडकीतून दिसतो, आणि तिकडे पाऊस असला तरी वाईट दिसत नाही, उलट ढग खाली उतरलेले असले की आपल्या घाटातली आठवण येते.

आता पायवाटांचं जरा सविस्तर सांगते, कारण आपले लोक इथेच बिचकतात. लोकांना वाटतं दुसऱ्याच्या शेतातून कसं जायचं, मालक ओरडेल. इंग्लंडमधे पब्लिक फूटपाथ हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. शेत कुणाचंही असो, नकाशावर वाट आहे म्हणजे तुम्ही जाऊ शकता. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही चालतात. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, १:२५,००० स्केलचा, त्यावर प्रत्येक वाट हिरव्या तुटक रेषेनं दाखवलेली असते आणि प्रत्येक शेताची भिंतसुद्धा दिसते. या भागासाठी ओएल २ नंबरचा. कागदी घ्या, कारण दरीत उतरलं की फोनची रेंज जाते.

त्या भिंतींबद्दल सांगायलाच हवं. डेल्समधे जिथे बघाल तिथे दगडी भिंती, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. तुमच्या बाबांचं मूळ गाव कोकणात असेल तर त्यांना सांगायला नको, तो आपला गडगाच. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा एका भिंतीपाशी दहा मिनिटं उभे राहिले, हात फिरवून आतल्या बाजूला बारीक दगड कसे भरलेत, मधेमधे आरपार जाणारे लांब दगड कसे घातलेत ते बघत, आणि म्हणाले आमच्याकडे असे गडगे घालणारे आता मिळत नाहीत. या गडग्यांत माणसाला जायला मुद्दाम अरुंद फट ठेवलेली असते, माणूस जातो, गाय जात नाही. कुठे लाकडी पायऱ्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात. गुडघ्याला त्रास या स्टाइल्सचाच होतो, चालण्याचा नाही. म्हणून वाट निवडताना किती मैल हे न विचारता किती स्टाइल्स आहेत हे विचारा. नॅशनल पार्कच्या माहिती केंद्रात बिनस्टाइलच्या वाटा विचारल्या की लगेच सांगतात, ग्रासिंग्टनलाच एक केंद्र आहे.

फाटक जसं मिळालं तसंच ठेवायचं, बंद असेल तर आपण गेल्यावर बंद. आणि वासरांसोबत गाई असतील तर मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. आपल्याला गाय म्हणजे गरीब वाटते, हात लावून नमस्कार करावासा वाटतो, पण वासरू जवळ असताना या गाई खरंच अंगावर येतात. हे आईंना आधीच सांगून ठेवा.

आता घर. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी हौसेनं एक जुनं कॉटेज घेतलं होतं, फोटो अप्रतिम. तिथे जिना इतका उभा की कठड्याऐवजी दोर बांधलेला, झोपायच्या खोल्या वर आणि एकमेव बाथरूम खाली किचनच्या मागे. आई काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाहीये, रात्री जिना उतरायला लागू नये म्हणून. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून मी कुणाचंही बुकिंग घेताना पहिला प्रश्न हाच विचारते, ज्येष्ठ माणसं आहेत का. तुम्हीही बुक करायच्या आधी फोन करा आणि नेमकं विचारा: झोपायची एक खोली आणि टॉयलेट एकाच मजल्यावर आहे का, जिन्याला कठडा आहे का, शॉवर बाथटबच्या आत आहे की वेगळा. टबची कड ओलांडून आत जाणं दुखऱ्या गुडघ्याला फार जड जातं. जुन्या गोठ्यांची केलेली घरं मिळतात, बार्न कन्व्हर्जन म्हणतात, त्यातली बरीच एकमजली असतात किंवा झोपायच्या खोल्या खाली असतात, ती बघा. आणि बाथरूमसाठी एक मग सोबत न्या, कुठल्याच घरात नसतो.

किचनमधे पहिली गोष्ट विचारायची ती शेगडी कुठली. हल्ली बऱ्याच घरांत इंडक्शन बसवलंय आणि त्यावर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. दरवर्षी एखादं तरी कुटुंब रात्री आठला फोन करतं की शेगडी बिघडलीय. शेगडी ठीक असते. निघायच्या आधी घरच्या भांड्यांच्या बुडाला फ्रिजचं मॅग्नेट लावून बघा, चिकटलं तर चालेल. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं आणि मसाल्याचा डबा एवढं घेतलंत की बाकी भांडी तिथे असतात. काही जुन्या फार्महाउसमधे आगा असते, कायम तापलेली, बटणं नसलेली बिडाची मोठी शेगडी, डावीकडची प्लेट जास्त गरम, उजवीकडची मंद. पोळ्या तिच्यावर सुंदर होतात पण हात बसायला दोन दिवस जातात.

फोडणी. आग लागू नये म्हणून भाड्यानं द्यायच्या घरांचे नियम ऑक्टोबर २०२३ पासून कडक झालेत, त्यामुळे घरभर अलार्म असतात आणि एक वाजला की सगळे वाजतात. तेल तापायच्या आधी एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, बैठकीच्या खोलीचं दार लावून घ्या, मग मोहरी टाका. अलार्मवर प्लास्टिकची पिशवी अजिबात बांधायची नाही, मी ती काढलेली आहे आणि दर वेळी पोटात गोळा येतो. तळलेलं उरलेलं तेल सिंकमधे ओतू नका. खेड्यातल्या पुष्कळ घरांना गटारलाइन नसते, मागे जमिनीत सेप्टिक टँक असतो, तेलतूप गेलं की तुंबतो आणि घाण अंगणात येते. बरणीत भरून कचऱ्यात टाका. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर पडला तर घाबरू नका, लगेच पुसा, उरलेला पिवळेपणा उन्हानं बराचसा उडतो. पांढऱ्या टॉवेलला मात्र हात पुसू नका, हात पुसायची फडकी घरून आणा, शनिवारी दहा ते चार एवढ्याच वेळात आम्हाला अख्खं घर धुऊन-पुसून पुढच्या लोकांना द्यायचं असतं.

किराणा. स्लाउहूनच डाळ, तांदूळ, पोहे, रवा, कढीपत्ता घेऊन निघा. राहिलंच काही तर ब्रॅडफर्ड जवळ आहे, तिथे मेथी, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, सगळं मिळतं. दूध, अंडी, भाजी मात्र गावातून घ्या. हे मी मनापासून सांगते. या गावांत घरांच्या किमती इतक्या वाढल्यात की इथल्याच मुलांना इथे राहता येत नाही, त्यात आमच्यासारख्या हॉलिडे घरांचाही हात आहे, आणि दुकान चालू राहतं ते पाहुण्यांनी चार पाउंड खर्च केले म्हणून. रस्त्याकडेला अंड्यांची पेटी आणि शेजारी पैशांचा डबा दिसेल, कुणी बघत नसतं, पैसे टाकायचे आणि अंडी उचलायची, सुटे पैसे जवळ ठेवा. शनिवारी पोचून रविवारी मोठी खरेदी करायचा बेत असेल तर लक्षात ठेवा, रविवारी मोठी सुपरमार्केट्स फक्त सहा तास उघडी असतात.

आई पूर्ण शाकाहारी असतील तर हे नक्की वाचा: यॉर्कशायरमधल्या बऱ्याच फिश अँड चिप्सच्या दुकानांत बटाटेसुद्धा बीफच्या चरबीत तळतात, ड्रिपिंग म्हणतात त्याला. नुसते चिप्स आहेत म्हणून देऊ नका, आधी विचारा कशात तळलेत. चीज घेताना शाकाहारी लिहिलंय का बघा. पबमधे दुपारी दोनच्या आसपास किचन बंद होतं, अडीचला भुकेली मुलं घेऊन गेलात तर फक्त वेफर्स मिळतील.

तारखांचं. मुलं शाळेत आहेत म्हणजे जून तुम्हाला बंदच, शाळा बुडवली तर प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पाउंडांपासून दंड सुरू होतो. मेच्या शेवटच्या आठवड्यातली हाफ टर्म, म्हणजे शाळेच्या सत्रामधली आठवड्याची सुट्टी, धरा. रात्री नवाच्या पुढेही उजेड असतो, कोकरं मोठी होऊन उड्या मारत असतात, आणि ऑगस्टपेक्षा गर्दी कमी. पाहुणे बदलायचा दिवस शुक्रवार किंवा शनिवार, चारला आत, दहाला बाहेर. ते आठवडे लवकर भरतात, आजच फोन करा. ते नाहीच मिळालं तर तुमच्यातल्या एकानं आई-बाबांना घेऊन जूनमधे सोमवार ते शुक्रवार जावं, कारण त्या दिवसांत स्वेलडेलमधे म्यूकर गावाजवळची गवताची कुरणं फुलांनी भरलेली असतात, आणि त्यातून फरसबंद वाट जाते. एकामागे एक चालायचं, कारण ते गवत म्हणजे शेतकऱ्याचं हिवाळ्यातल्या गुरांसाठीचं पीक असतं.

पुढच्या वेळेसाठी आतली एक गोष्ट. घर निवासी करात न जाता व्यवसायाच्या करात राहायला हवं असेल तर मालकाला ते वर्षात किमान ७० रात्री प्रत्यक्ष भाड्यानं गेलेलं दाखवावं लागतं. म्हणून नोव्हेंबर ते मार्चमधे सरळ मालकाला फोन करून भाव विचारा, बरेच जण कमी करतात. मात्र डिसेंबरात चारच्या आत अंधार होतो हे धरून चाला.

गाडी सात सीटर लागेल, पण तिसरी रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही, आणि मुलं बारा वर्षांची किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत त्यांना कार सीट लागते, तेव्हा कुकर डिकीत आधी बसवून बघा, बॅगा मऊ घ्या. शेवटचे काही मैल एकपदरी रस्ता असू शकतो, दोन्ही बाजूला भिंती, समोरून ट्रॅक्टर. मागे घेऊन पासिंग प्लेसमधे, म्हणजे रस्ता थोडा रुंद केलेल्या जागेत, थांबायचं, हात वर करून आभार मानायचे. स्लाउहून पाच तास तरी धरा, उजेडात पोचा, घराचा फोटो आणि मालकानं पाठवलेला रस्ता कागदावर काढून ठेवा, कारण नेव्हिगेशन कधीकधी डोंगराच्या चुकीच्या बाजूला नेऊन सोडतं.

आणि मला एवढं कळवा, बाबा एका वेळी साधारण किती चालतात आणि जिन्याच्या किती पायऱ्या चढतात. मग ग्रासिंग्टनमधलीच घरं बघायची की लिंटनच्या बाजूला सपाटीवर काही मिळतंय ते बघायचं, कारण ग्रासिंग्टनची मुख्य गल्ली चढाची आहे, आणि चौकाच्या वरच्या अंगाचं घर घेतलंत तर प्रत्येक फेरीचा शेवट त्या चढानंच होईल.